ट्रकच्या नंबरची किंमत

गाडी चालवता चालवता कानात हेडफोन घालून ऐकत असाल तर हा भाग आत्ता बंद करा आणि घरी पोचल्यावर ऐका. विषय ऐकला की कळेल मी असं का म्हणतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी ही नेहमीप्रमाणे लिहिलेली प्रत. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" कमी केलेत.

मी मूळचा कोंढ्याचा. तालुका पवनी, जिल्हा भंडारा. बी.टेक. करून आता नागपुरात सॉफ्टवेअरचं काम करतो, सुट्टीला गावी येतो. आमच्या भागातल्या लोकांना रात्री दोन-अडीचला टिप्परच्या आवाजाने जाग येते आणि पुन्हा झोपही लागते, एवढी सवय झाली आहे. वैनगंगेची रेती आहे, नागपूरला बांधकामं आहेत, मधे आमचे रस्ते आहेत. टिप्परच्या मागचा नंबर कधी चिखलाने माखलेला असतो, कधी ताडपत्रीच्या खाली लपलेला असतो. हे का तसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते त्या नंबरबद्दल. तो नंबर किती रुपयांचा असतो, याबद्दल.

गावनात्याने मला भाऊ लागणारा एक माणूस असाच गेला. संध्याकाळी फटफटीवर घरी येत होता, मागून टिप्परने उडवलं. वय ३४. दीड एकर धानाची शेती, बाकी दिवस गवंड्याच्या हाताखाली काम. घरी बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. मी वहिनींचे कागद लावायला बसलो तेव्हा पहिल्यांदा गावातल्या पोरांचे फोन गोळा केले. त्या संध्याकाळचे अकरा व्हिडिओ निघाले. अकरापैकी दहांमध्ये काय होतं? पडलेला माणूस, रक्त, गर्दी, कोणाची तरी रडारड. एका पोराच्या व्हिडिओत, तोही फोन हलला म्हणून, दोन सेकंद लांब जाणाऱ्या टिप्परचा मागचा भाग होता. थांबवून थांबवून, उजेड वाढवून पाहिलं तर शेवटचे चार आकडे वाचता आले. त्या दोन सेकंदांवर अख्खी केस उभी आहे. केस भंडाऱ्याला चालू आहे, म्हणून जास्त तपशील देत नाही.

आता हिशोब करू. मी इंजिनिअर माणूस, मला हिशोबाशिवाय पटत नाही.

टक्कर मारून वाहन पळालं आणि ते सापडलंच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली सरकारची 'हिट अँड रन' योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाला तर २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाली तर ५० हजार. त्याआधी ते फक्त २५ हजार आणि साडेबारा हजार होते, म्हणजे वाढ झाली हे मान्य करायला पाहिजे. पण दोन लाखच. माणूस १८ चा असो की ५८ चा, मागे एक जण असो की सहा.

वाहन सापडलं, तर चित्रच बदलतं. मग कलम १६६ खाली क्लेम टाकता येतो आणि तिथे रक्कम ठरवायचं सूत्र आहे. अगदी फॉर्म्युला म्हणावा असं. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात ते बसवून दिलं आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पक्कं केलं. धरा, माणसाची कमाई महिन्याला १२ हजार. स्वतःचा धंदा-मजुरी करणारा आणि वय ४० च्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती यासाठी ४० टक्के मिळवायचे. झाले १६,८००. वर्षाचे २ लाख १ हजार ६००. घरी अवलंबून असणारे चार जण, म्हणून तो स्वतःवर खर्च करत असेल तो चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले १ लाख ५१ हजार २००. आता वयाप्रमाणे गुणक. ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक आहे. गुणाकार केला की येतात २४ लाख १९ हजार २००. त्यावर बायको, लेकरं, आई यांना आधार हरपल्याबद्दल प्रत्येकी ४० हजार, अंत्यविधीचे १५ हजार, आणि इस्टेट म्हणून आणखी १५ हजार. हे शेवटचे आकडे दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढवायचे असंही त्याच निकालात आहे. एकूण २६ लाखांच्या वर जातं. शिवाय क्लेम टाकल्या दिवसापासून व्याज.

तर एकीकडे २ लाख आणि दुसरीकडे २६. मधला फरक आहे एका नंबर प्लेटचा. मला तरी दुसऱ्या कुठल्या फोटोची एवढी किंमत माहीत नाही.

इथे लगेच एक गोष्ट सांगतो, कारण गावात हा प्रश्न हमखास येतो: "एवढे पैसे तो ड्रायव्हर कुठून देईल जी? तोही गरिबाचाच लेकरू." बरोबर आहे, तोही गरिबाचाच. पण पैसे तो देत नाही. प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि दुसऱ्याचा जीव गेला किंवा दुखापत झाली तर विमा कंपनीच्या जबाबदारीला त्या पॉलिसीत रकमेची वरची मर्यादा नसते. टिप्परचा मालक दर वर्षी हप्ता भरतो तो याचसाठी. ड्रायव्हरवर फौजदारी गुन्हा वेगळा, तुमचा क्लेम वेगळा. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, क्लेममध्ये "असं घडलं असण्याची शक्यता जास्त" एवढं दाखवलं तरी चालतं. उद्या ड्रायव्हर फौजदारीतून सुटला म्हणून तुमचा क्लेम आपोआप पडत नाही.

आणि याच कारणासाठी माझं स्पष्ट मत आहे की ड्रायव्हरला मारू नका. माणुसकी म्हणून नको, आणि व्यवहार म्हणूनही नको. जमाव मारेल या भीतीने ड्रायव्हर गाडी पळवतो, आणि गाडी पळाली की तुम्ही २६ वरून २ वर येता. जानेवारी २०२४ मधला ट्रकवाल्यांचा संप आठवतो? पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. नव्या न्याय संहितेत कलम १०६(२) आलं होतं: जीव घेऊन, पोलिसांना न कळवता पळालं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. ड्रायव्हर लोकांचं म्हणणं एकच होतं, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली, ते पोटकलम मात्र लागू केलं नाही. कोण बरोबर यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद होईल. पण तुमच्यासमोर अपघात झाला तर ड्रायव्हरची कॉलर धरण्याआधी नंबरचा फोटो घ्या. चावी काढून घेता आली तर उत्तम.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट. ९ ऑगस्ट २०२५, राखीचा दिवस. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापार हद्दीत एक जोडपं मोटारसायकलवर जात होतं. ट्रकने धडक दिली, बायको जागीच गेली, ट्रक निघून गेला. नवऱ्याने हात दाखवून गाड्या थांबवायचा प्रयत्न केला, कोणी थांबलं नाही असं त्याचं म्हणणं. शेवटी त्याने बायकोचा मृतदेह मोटारसायकलला बांधला आणि गाडी चालवत निघाला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल, फॉरवर्डही केला असेल. त्या माणसाचं नाव मी घेत नाही, त्याने पुरेसं सोसलंय.

पुढचा भाग मात्र फारसा फॉरवर्ड झाला नाही. त्याला ट्रकचा नंबर सांगता आला नव्हता. आठवत होतं ते एवढंच की ट्रकवर लाल खुणा होत्या. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांचं सीसीटीव्ही फुटेज 'मार्व्हल'ला दिलं. मार्व्हल म्हणजे राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी काढलेली एआय कंपनी. तिथे आधी लाल खुणा असलेले ट्रक वेगळे काढले. मग कोणता ट्रक कोणत्या नाक्यावर किती वाजता होता, त्यावरून सरासरी वेग काढून अपघाताच्या वेळी त्या जागी कोण असू शकतं ते बघितलं. कोडिंगवाल्यांना कळेल, हे एकापुढे एक लावलेले दोन फिल्टर आहेत, यात जादू काही नाही. साधारण ३६ तासांत ट्रक सापडला, तोही उत्तर प्रदेशात, सुमारे ७०० किलोमीटरवर.

मला यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे "गाडी गेली, आता काय सापडते" हे वाक्य २०२५ नंतर कोणी ऐकून घेऊ नये. दुसरी, लाल खूण एवढीशी आठवणही कामाची असते. त्यामुळे नंबर नाही मिळाला तर रंग, ताडपत्री कोणत्या रंगाची, मागे काय लिहिलंय, किती चाकी, कुठल्या दिशेला गेला आणि नेमकी वेळ, हे लगेच फोनवर बोलून रेकॉर्ड करून ठेवा. दोन तासांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं, किराणा दुकानाचं, राइस मिलचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदाराला त्याच दिवशी हात जोडून सांगा की हे जपून ठेवा, आणि पोलिसांना लेखी कळवा की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे.

अर्धा नंबर मिळाला तर तोही पोलिसांना द्या. पूर्ण नंबर मिळाला तर एम-परिवहन ॲपमध्ये टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण विमा कधीपर्यंत आहे, फिटनेस कधीपर्यंत आहे, हे दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट घेऊन ठेवा.

बरं, आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो तिच्यावर येतो. मांडवली.

अपघात झाला की तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरी येतं. बहुतेकदा ओळखीचंच असतं, गावातलं, दोन्हीकडे उठबस असलेलं. दीड-दोन लाख रोख देतो म्हणतं. "कोर्टात दहा वर्षं जातील, वकील खाऊन टाकेल, पोलिसांत नाव नका टाकू." घरात मयत झालेलं आहे, तेराव्याचा खर्च समोर आहे, हातात पैसा नाही. दीड लाख त्या घटकेला खूप मोठे वाटतात. वहिनींनी मला विचारलं होतं, "भाऊजी, घेतले तर काय बिघडते?" मी त्यांना वरचा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला. कायदा वगैरे काही बोललो नाही, नुसते आकडे. त्यांनी बराच वेळ ते पान पाहिलं आणि मग आत जाऊन येणाऱ्याला म्हणाल्या, "आमाले नोको."

मांडवलीत खरी गोम रकमेत नाही. रोख घेतले की तक्रार बदलते. "अज्ञात वाहन" लिहिलं जातं, किंवा "स्वतः घसरून पडला" लिहिलं जातं. एकदा ते कागदावर गेलं की मग सहा महिन्यांनी पश्चात्ताप होऊन काही उपयोग नसतो, विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो. आणि याच्या उलटही एक सल्ला गावात मिळतो: "आपल्या ओळखीची गाडी दाखवून देऊ, विमा आहे तिचा." हे तर अजिबात करू नका. ती फसवणूक आहे, त्यात तुम्ही आरोपी होता, आणि खरा क्लेमही हातचा जातो.

लांबणीबद्दलची भीती खोटी नाही. कोर्टात वेळ लागतो. पण २०२२ च्या नियमांनी काम बरंच पोलिसांच्या अंगावर टाकलंय, आणि हे लोकांना माहीत नाही. अपघात कळल्यापासून ४८ तासांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल क्लेम कोर्टाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. ५० दिवसांत अंतरिम, ९० दिवसांत सविस्तर अहवाल. त्या सविस्तर अहवालात गाडीचं आरसी, विमा, लायसन्स, परमिट, मयताची कमाई, घरातली माणसं, सगळं आलं पाहिजे. आणि कायदा म्हणतो की हाच अहवाल क्लेमचा अर्ज समजायचा. सुप्रीम कोर्टाने १५ डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालात हे सगळ्या राज्यांच्या पोलिसांना बजावून सांगितलंय. म्हणून ठाण्यात गेलात तर नम्रपणे विचारा, "साहेब, पहिला अपघात अहवाल गेला का? त्याची प्रत मिळेल का?" हा प्रश्न ऐकला की समोरचा जरा सरळ बसतो. स्वानुभव.

तुमच्या बाजूने काय जमवायचं? एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, दवाखान्याची सगळी बिलं हे तर आहेच. पण आमच्याकडे खरी अडचण येते कमाईच्या पुराव्याची. मजुराला सॅलरी स्लिप कोण देतो? मग सातबारा काढा, आधारभूत केंद्रावर धान विकल्याची पावती काढा, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं पासबुक, बचतगटाच्या कर्जाचे हप्ते, ज्या ठेकेदाराकडे काम केलं त्याची साक्ष. काहीच नसलं तर कोर्ट साधारणपणे किमान वेतनाचा आधार घेतं, पण तेवढ्यावरच थांबायला हवं असं नाही.

आणि बाई गेली असेल, "ती काय, घरीच होती" असं म्हणू नका. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल धरून तिचं उत्पन्न ठरवलं पाहिजे. आमच्याकडे तर ती घर सांभाळून रोवणीलाही जाते, कापणीलाही जाते. दोन्ही मांडा.

जखमींचं थोडं वेगळं आहे. तिथे डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर ३० टक्के अपंगत्व लिहिलं म्हणजे ३० टक्केच नुकसान असं नसतं. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हे नीट समजावलंय: हात गेला तर ड्रायव्हरचा किंवा सुताराचा रोजगारच गेला, ऑफिसात बसणाऱ्या क्लार्कचा तसा जात नाही. माझा गुडघा गेला तर मी लॅपटॉप उघडून काम करेन. रोवणी करणाऱ्या बाईचा गुडघा गेला तर तिचा हंगामच गेला. वकिलाला हे सांगावं लागतं, नाहीतर तो सर्टिफिकेटवरचा आकडा उचलून टाकतो.

उपचारांचं एक नवीन आहे. ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू झाली: रस्ता अपघातातल्या कोणालाही, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत उपचार, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये. भंडाऱ्याहून "नागपूरला न्या" म्हणतात तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये बसण्याआधीच विचारा की तिकडचं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे. ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आणि उचलून नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही जुनी भीती सोडा. कलम १३४-अ प्रमाणे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

मुदतीचं नीट ऐका. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना क्लेम टाकायला सहा महिन्यांची मुदत आहे. आधी अशी मुदत नव्हती, त्यामुळे जुने लोक "कधीही टाकता येतो" म्हणून सांगतात. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की तोवर केवळ उशीर झाला म्हणून क्लेम फेटाळू नका. ज्यांचे सहा महिने उलटले त्यांनी या आदेशाच्या आधारे वकिलाशी बोलावं. ज्यांचे उलटले नाहीत त्यांनी असा आदेश आहे हे विसरून जावं आणि सहा महिन्यांच्या आत टाकावा.

वकिलाच्या फीचं म्हणाल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बाईला, लहान मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन लावा. टक्केवारीवर केस घेणारे दवाखान्याच्या दारात भेटतात, त्यांना मोबाईल नंबरसुद्धा देऊ नका.

गाडी सापडलीच नाही तर ते २ लाख तरी सोडू नका. अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदाराकडे किंवा एसडीओकडे अर्ज जातो, कलेक्टर मंजूर करतात, पैसे थेट खात्यात येतात. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वाहन सापडत नसेल तर पोलिसांनीच कुटुंबाला या योजनेची माहिती द्यायची. नंतर गाडी सापडली तर मोठा क्लेम करता येतो, फक्त हे २ लाख त्यातून परत जातात. आणि घरातलं पासबुक तपासा. वर्षाला २० रुपये कापले गेलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, त्याचे २ लाख वेगळे. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख वेगळे, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायचं.

मागच्या आठवड्यात विषय जाहीर केल्यावर मेसेज आले, त्यातले तीन घेतो.

एकाने विचारलंय, भाऊ सुरतला कामाला होता, अपघात तिकडे झाला, क्लेम तिकडेच टाकावा लागेल का? नाही. अपघाताच्या जागी, तुम्ही राहता तिथे, किंवा गाडीमालक राहतो तिथे, तिन्हींपैकी कुठेही टाकता येतो. भंडाऱ्याला टाका. तारखेला रेल्वेचं तिकीट काढावं लागणार नाही.

दुसरा, आम्ही ट्रिपल सीट होतो, रात्री रस्त्यातच दिवे बंद करून उभ्या ट्रकवर आदळलो, आमचीच चूक धरतील का? ट्रिपल सीट गुन्हाच आहे, दंड होईल. पण २०२० च्या मोहम्मद सिद्दिकी निकालात सुप्रीम कोर्ट म्हणतं, तिघे बसले होते एवढ्यावरून रक्कम कापता येत नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. आणि रस्त्याच्या मधोमध दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय उभ्या ट्रकबद्दल २०१८ च्या अर्चित सैनी खटल्यात कोर्टाने कारवाल्याच्या माथी चूक मारायला नकार दिलाय. तिथे एक गॅस टँकर असाच उभा होता. ट्रकला मागे दिवे किंवा रिफ्लेक्टर नव्हते याचे फोटो मात्र त्याच रात्रीचे पाहिजेत. सकाळी झाडाच्या फांद्या आणि दगड मागे लावून ठेवलेले दिसतात. हेल्मेट नसताना डोक्याला मार लागला तर काही टक्के कापले जाऊ शकतात, हेही सांगून ठेवतो.

तिसरा प्रश्न एका मुलीचा आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तिची आई रोवणीच्या दिवसांत मालवाहू पिकअपमधून बाहेरगावी कामाला जाते, पंधरा-वीस बाया एका गाडीत. काही झालं तर विमा मिळतो का? वाईट उत्तर आहे. २००२ च्या आशा राणी निकालापासून कायदा असा आहे की मालगाडीत बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी गाडीच्या सक्तीच्या विम्यावर येत नाही. आपल्या मालासोबत बसलेला मालमालक चालतो, पॉलिसीत धरलेला हमाल चालतो, फुकट किंवा भाड्याने बसलेली मजूर बाई चालत नाही. कधी कोर्ट कंपनीला आधी भरायला लावून मग मालकाकडून वसूल करायला सांगतं, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मालकावर दावा राहतो, पण त्याच्याकडे ती एक पिकअपच असेल तर वसूल काय करणार? समोरून ट्रकने ठोकलं असेल, त्याची चूक असेल, तर त्या ट्रकच्या विम्यातून मिळतं, तिथे या बाया थर्ड पार्टी ठरतात.

त्यामुळे ताई, आईला सांग की ठेकेदाराला प्रवासी परवाना असलेली गाडी लावायला सांगा. वीस बाया एकत्र म्हणाल्या तर तो लावतो, रोवणीच्या दिवसांत त्यालाच बायांची जास्त गरज असते. आणि वीस रुपयांचा तो बँकेचा विमा वीसही जणींचा या आठवड्यात काढून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे, फॉर्म भरायला तूच बस.

चला, थांबतो. पुढचा भाग दोन आठवड्यांनी.